धागा: गावची आइस रिंक आणि बॉलची मैदानं, सहा माणसांत बारा महिने कशी सांभाळायची?

पारंबी (धागाकर्ती)

ऑन्टारिओ, मॅनिटोबा, मिनेसोटा या पट्ट्यातल्या लहान गावांत एकच चित्र दिसतं. नगरपालिकेची एक बंदिस्त रिंक, एक-दोन उघड्यावरच्या, बेसबॉल-सॉफ्टबॉलची चार-पाच मैदानं, आणि या सगळ्याला मिळून पाच-सहा कर्मचारी. हिवाळ्यात बर्फ बघणारे तेच, उन्हाळ्यात माती बघणारेही तेच.

गावच्या क्रीडा समितीसमोर सध्या तीन प्रश्न आहेत. पहिला: रिंकचं विजेचं बिल मैदानांच्या सगळ्या खर्चाला गिळून टाकतं, ते नवीन यंत्र न घेता कमी होईल का? दुसरा: एप्रिलमध्ये रिंकचा बर्फ काढतात आणि मैदानं मात्र मे उजाडल्याशिवाय उघडत नाहीत, मधल्या काळात मुलांना खेळायला जागाच नाही. मैदानं लवकर का उघडत नाहीत? तिसरा: यंदा काही पालक म्हणतायत की बेसबॉलच्या मैदानावरच हिवाळ्यात पाणी सोडून रिंक करू. ते करावं का?

ज्यांना या कामाची आतून माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. आकडे दिलेत तर फार बरं, समितीत आकड्यांशिवाय कोणी ऐकत नाही.

---

बर्फवाला

पहिला प्रश्न घेतो. बिल कमी करायचं तर आधी ड्रिल आणि पट्टी घ्या आणि बर्फ किती जाड आहे ते मोजा. बाकी सगळं नंतर.

रिंक २०० बाय ८५ फुटांची, कोपरे गोल. क्षेत्रफळ साधारण १,५०० चौरस मीटर. बर्फ हवा २५ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे एक ते दीड इंच. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र प्रत्येक खेपेला समजा ५०० लिटर पाणी पसरतं, म्हणजे थर पडतो ०.३३ मिलिमीटरचा. दिवसाला ८ खेपा झाल्या आणि तेवढाच बर्फ खरवडला गेला नाही, तर दिवसाला अडीच-पावणेतीन मिलिमीटर आणि आठवड्यात जवळजवळ दोन सेंटिमीटर जाडी वाढते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, बर्फ छानच दिसतो.

बर्फ उष्णतेला अडवतो. थंडी देणाऱ्या नळ्या काँक्रीटच्या आत, खेळ वरच्या पृष्ठभागावर. मधला थर जाड झाला की वरचं तापमान तेवढंच राखायला नळ्यांतलं खारं पाणी आणखी थंड करावं लागतं, कॉम्प्रेसर जास्त तास चालतो. म्हणून आठवड्यातून एकदा ठरलेल्या २०-२५ जागी भोक पाडून जाडी मोजायची आणि नकाशावर लिहायची. ड्रिलला कॉलर लावा, काँक्रीटला टोक लागता कामा नये. भोकात लगेच बर्फाचा चुरा आणि पाणी भरा.

दुसरी सवय तापमानाची. हॉकीला पृष्ठभाग उणे ५ सेल्सिअसच्या आसपास लागतो, फिगर स्केटिंगला थोडा मऊ, उणे ३ च्या जवळपास. रात्री ११ नंतर रिंक रिकामी असते तेव्हा उणे ५ राखायची गरज नाही. एखाद-दोन अंश वर जाऊ द्यावं आणि पहाटे परत खाली आणावं. आणि छतातले मोठे दिवे रिकाम्या रिंकवर चालू ठेवू नयेत. दिव्याची उष्णता बर्फाला सोसावी लागते, म्हणजे बिल दोनदा भरायचं, एकदा दिव्याचं आणि एकदा ती उष्णता काढून टाकण्याचं.

---

गोदातीर

बाळबोध शंका. बर्फ करायचा तर यंत्रातून गरम पाणी का मारतात?

---

बर्फवाला

बाळबोध मुळीच नाही. यंत्रात साधारण ६० सेल्सिअसचं किंवा त्याहून गरम पाणी घालतात. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, त्यामुळे बर्फ घट्ट आणि स्वच्छ होतो. शिवाय ते खालचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. गार पाणी वरच्या वर गोठतं, पापुद्रा सुटतो, स्केटच्या पात्याने उडतो. मात्र गरम पाणी गोठवायला वीजही जास्त लागते. त्यामुळे सार्वजनिक स्केटिंगच्या तासांना जरा कोमट वापरून पाहायला हरकत नाही. स्पर्धेच्या सामन्याला तडजोड नको.

पाणी जड असेल तर क्षार वर साचून बर्फ ढगाळ आणि ठिसूळ होतो. तिथे पाणी आधी गाळून घेणारी यंत्रणा परवडते का ते बघावं.

---

खडीसाखर

म्हणजे ही चक्क सारवणी आहे! आधी खरवडा, मग केर गोळा करा, मग ओलं पोतेरं फिरवा. यंत्राच्या मागे तो कापडाचा पट्टा लोंबत असतो ते पोतेरंच.

---

बर्फवाला

@खडीसाखर, अगदी तंतोतंत. फ्रँक झँबोनी यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंटमध्ये पहिलं यंत्र चालवून दाखवलं, त्याआधी हे सगळं माणसं हातानेच करत. यंत्रात पुढची कामं एका फेरीत होतात: ७७ इंची पातं बर्फ तासतं, स्क्रू चुरा गोळा करून टाकीत टाकतो, धुण्याचं पाणी खाचांतली घाण काढतं आणि उरलेलं पाणी परत ओढून घेतं, शेवटी कापडाचा पट्टा गरम पाणी पसरतो.

नव्या चालकाच्या चुका ठरलेल्या असतात. पातं खाली टाकून मग यंत्र सुरू करणं (त्या जागी चर पडतो, आधी यंत्र हलवायचं, मग पातं टेकवायचं). थांबताना पाणी चालू ठेवणं (तिथे उंचवटा होतो). आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कडेने फिरताना भिंतीपासून लांब राहणं. कडेला बर्फ वाढत जातो, मध्ये खोलगट होतो, रिंकची परात होते. आठवड्यातून निदान दोनदा एजर नावाचं छोटं यंत्र भिंतीलगत फिरवायलाच हवं. पातं बोथट झालं की चालक ते जास्त दाबतो, बर्फ तासण्याऐवजी फाटतो. पातं बदलताना दोन माणसं आणि जाड हातमोजे. यात तडजोड नाही.

---

हेमंत_मिनेसोटा

वर बिलाची चर्चा झाली, हवेची नाही. प्रोपेनवर चालणारं यंत्र बंद इमारतीत फिरतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि थंड हवा बर्फालगत साचून राहते, म्हणजे नेमकी लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर. मिनेसोटात बंदिस्त रिंकना यासाठी नियमच आहेत: कार्बन मोनॉक्साइड २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) आणि नायट्रोजन डायऑक्साइड ०.३ पीपीएम या मर्यादेच्या आत हवा लागते, मोजून नोंद ठेवावी लागते.

वीज वाचवायला पंखे बंद ठेवणं हा जिथे-तिथे दिसणारा घातक प्रकार आहे. यंत्र फिरत असताना आणि नंतर काही वेळ पंखे चालूच पाहिजेत. इंजिन बाहेर गरम करून मग आत आणा, थंड इंजिन जास्त धूर सोडतं. एजरचं छोटं पेट्रोल इंजिनही विसरू नका, त्या मानाने ते जास्त घाण करतं. बदलायची वेळ आली की आधी एजर विजेवरचा घ्या. तो स्वस्तात होतो आणि फरक त्याच दिवसापासून पडतो.

---

मातीचे_पाय

आता दुसरा प्रश्न, मैदानं मे महिन्यापर्यंत का थांबतात. एका शब्दात उत्तर: वाफसा.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. चिखलात औत घातलं तर ढेकळं होतात आणि वर्षभर रान बिघडतं. बॉलच्या मैदानाचा इनफिल्ड, म्हणजे बेसच्या (धावताना शिवायच्या चार ठिकाणांच्या) आसपासचा बिनगवताचा भाग, ही तशीच माती. वरचे चार इंच सुटले असले तरी खाली अजून गोठलेलं असतं. वितळलेलं पाणी खाली उतरू शकत नाही, वरचा थर खिरीसारखा होतो. अशा वेळी एक सराव झाला तरी बुटांचे ठसे पडतात, ते सुकून दगड होतात, आणि जूनमध्ये चेंडू त्यावर टप्पा पडून मुलाच्या तोंडावर येतो.

परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबायची. पाणी सुटलं किंवा बोटांना चिखल चिकटला तर मैदान बंद. गोळा झाला आणि अंगठ्याने टिचकी मारल्यावर फुटला तर चालू. टाचेचा ठसा अर्ध्या इंचापेक्षा खोल जात असेल तर फाटकाला कुलूप. कोणी कितीही फोन केले तरी.

लवकर उघडायचं असेल तर त्याचं काम आदल्या ऑक्टोबरात करावं लागतं, एप्रिलमध्ये काही होत नाही. उतार आणि पाण्याचा निचरा बघावा लागतो. इनफिल्डला अर्धा ते एक टक्का उतार हवा, म्हणजे १०० फुटांत ६ ते १२ इंच. तेवढा असूनही पाणी साचत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण एकच: बांध.

---

पिंपळपान

कुठला बांध? मैदानात बांध कोण घालतं?

---

मातीचे_पाय

कोणी घालत नाही, तो आपोआप होतो. माती आणि गवत जिथे भेटतात त्या कडेला. रोज जाळी ओढून माती सारखी करतात (आपल्याकडे मैंद फिरवतात तसंच). ओढणारा घाईत गवतावर चढतो, प्रत्येक वेळी चिमूटभर माती गवतात अडकते. गवत त्यातून वर येतं, माती धरून ठेवतं. दोन-तीन वर्षांत तिथे तीन-चार इंचांचा उंचवटा. आता पावसाचं पाणी आउटफिल्डकडे, म्हणजे पलीकडच्या गवताच्या भागाकडे, जाणार कसं? ते इनफिल्डमध्ये तळं करून बसतं. शिवाय जमिनीलगत वेगाने आलेला चेंडू त्या बांधावर आपटून उसळतो.

उपाय: जाळी गवतापासून एक फूट आत थांबवायची, उरलेली पट्टी हाताने दाताळ्याने, कडेला समांतर ओढायची. एक दिवस आतून बाहेर आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून आत असा क्रम बदलायचा, नाहीतर माती एकाच बाजूला सरकते. जाळी जिथे उचलतो तिथे मातीचा ढीग राहतो, तो रोज वेगळ्या ठिकाणी. हंगाम संपल्यावर कडेची माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा कडक ब्रशने गवतातून बाहेर काढायची. बांध फार वाढला असेल तर हिरवळ कापून काढायची, खालची माती उतरवायची, हिरवळ परत बसवायची.

आणि कृपा करून डबक्यातलं पाणी झाडूने गवतावर ढकलू नका. पाण्याबरोबर बारीक माती जाते, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने बांध घालताय. हातपंपाने किंवा स्पंजने पाणी उचला, बादलीत भरा, लांब ओता. मग दाताळ्याने खरवडून वारा लागू द्या. भाजलेल्या चिकणमातीचे दाणे पोत्यांनी ओतण्याचा मोह होतो. ते थोडे, शेवटच्या ओलीसाठी. डबक्यावर चार पोती रिकामी केली की पुढच्या पावसात ती जागा गाळासारखी मऊ.

---

तळेगावकर

वाफसा वाचून मन भरून आलं. इनफिल्डची माती म्हणजे नक्की काय असते? आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून माती मळतात. इथे काय घालतात?

---

मातीचे_पाय

काही मळत नाहीत, पण प्रमाण मात्र कसोशीने बघतात. वाळू ६० ते ७० टक्के, उरलेलं पोयटा आणि चिकणमाती मिळून. त्या दोघांत पोयटा चिकणमातीपेक्षा जास्त असता कामा नये, निम्म्यापासून बरोबरीपर्यंत ठीक. पोयटा वाढला की कोरड्यात धूळ आणि ओल्यात लगदा. ट्रक मागवण्याआधी पुरवठादाराकडून मातीचा चाचणी अहवाल मागा. "लाल दिसते, चांगली आहे" यावर विश्वास ठेवून पुष्कळ गावं फसली आहेत. १,००० चौरस फुटांवर एक इंच थर द्यायचा तर साधारण ४ टन माती लागते, यावरून खर्चाचा अंदाज येईल.

आखाड्याशी फरक असा की तिथे पडणाऱ्याला लागू नये म्हणून माती भुसभुशीत हवी. इथे वरचा पाव ते अर्धा इंच मोकळा आणि खालची माती घट्ट पण ओलसर. पाणी मारणं हेच खरं काम. संध्याकाळी सामन्यानंतर भरपूर पाणी द्यायचं, ते रात्रभर मुरतं. सामन्याआधी नुसता हलका फवारा. कोरड्या इनफिल्डवर जाळी ओढली की माती धूळ होऊन उडून जाते, दर वर्षी नवे ट्रक मागवावे लागतात त्याचं हेच कारण.

---

अक्षांश

रेषा मारायला फक्की कुठली वापरता? चुना?

---

मातीचे_पाय

चुना अजिबात नको! विरलेला चुना डोळ्यांत आणि कातडीला भाजतो, मुलं त्यावर घसरत जातात. संगमरवराची किंवा चुनखडीची भुकटी मिळते ती वापरा. आणि जुन्या रेषेवर थर चढवत राहू नका, तोही छोटा बांधच होतो.

मोजमापांचं म्हणाल तर मोठ्यांच्या बेसबॉलला बेसमधलं अंतर ९० फूट, लहान मुलांना ६०. मैदान काटकोनात आहे का हे तपासायला होम प्लेटच्या (फलंदाज जिथे उभा राहतो ती पाटी) मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत तिरपं मोजा: ९० फुटांच्या मैदानावर १२७ फूट ३⅜ इंच यायला हवं. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) उंचवटा मोठ्यांना १० इंच, लहानांना ६ इंच. १९६८ पर्यंत मोठ्या लीगमध्ये तो १५ इंच असायचा, गोलंदाज फारच वरचढ व्हायला लागले म्हणून १९६९ पासून १० केला. आणि त्या उंचवट्याला इनफिल्डची माती चालत नाही, चिकणमाती जास्त असलेली वेगळी माती लागते. रोज सामन्यानंतर खड्ड्यातली सुटी माती झाडून काढा, खालचं ओलं करा, नवी चिकणमाती धुम्मसाने ठोका आणि वर ताडपत्री घाला. ताडपत्री नसेल तर ठोकलेलं सगळं तडकतं.

---

पिंपळपान

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही. माझं मत, मैदानावर रिंक जरूर करावी. जागा आहे, दिवे आहेत, नळ आहे, पार्किंग आहे. हिवाळ्यात ती जागा चार-पाच महिने बर्फाखाली पडूनच असते.

---

रानजाई

@पिंपळपान, सहमत नाही, आणि कारण वर मातीचे_पाय यांनीच दिलंय: मैदान सपाट नसतं. बघताना सपाट वाटतं.

हिशोब करू. ४० बाय २० मीटरची रिंक, एक टक्का उतार लांबीच्या दिशेने. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ४० सेंटिमीटरचा फरक. उथळ टोकाला ५ सेंटिमीटर बर्फ हवा असेल तर खोल टोकाला ४५. सपाट जागी ८०० चौरस मीटरवर ५ सेंटिमीटर म्हणजे ४० हजार लिटर पाणी. या उतारावर सरासरी खोली २५ सेंटिमीटर, म्हणजे २ लाख लिटर. पाचपट. आणि खोल टोकाला पाणी अडवणाऱ्या फळ्यांना तो दाब सोसायला हवा. नाही सोसला तर एका रात्रीत सगळं पाणी इनफिल्डमध्ये.

शिवाय गवत. महिनोन्महिने बर्फाचं झाकण बसलं की खालचं गवत गुदमरतं. मध्येच ऊब आली, पाणी खाली उतरलं आणि परत कडक थंडी पडली की गवताच्या मुळाशी असलेला गड्डा फुटतो. आणि बर्फाचा जाड थर नैसर्गिक हिमापेक्षा उशिरा वितळतो. म्हणजे मैदानं लवकर उघडा म्हणायचं आणि त्याच मैदानावर सगळ्यात उशिरा जाणारा बर्फ घालायचा!

---

पिंपळपान

उताराचा मुद्दा मान्य. मग कुठे करावी? टेनिस कोर्टावर?

---

रानजाई

टेनिस किंवा बास्केटबॉलचं कोर्ट बरं, कारण तिथे गवत मरण्याची भीती नाही, थोडा उतार मात्र तिथेही असतो. पण काळं डांबर असेल तर मार्चच्या उन्हात बर्फ खालून सुटतो. पांढरं ताडपत्रीसारखं अस्तर घातलं तर ऊन परत फिरतं. मैदानावरच करायची झाली तर आउटफिल्डच्या अगदी लांबच्या, सगळ्यात सपाट कोपऱ्यात, इनफिल्डपासून दूर, आणि लहान.

कृती अशी. जमीन आधी गोठू द्या. पहिलं चांगलं हिम पडलं की ते काढू नका, पायांनी किंवा रोलरने दाबून ४-५ सेंटिमीटरचा घट्ट पाया करा. मग बारीक फवारा, फक्त हिम ओलं होईल इतका. तो पूर्ण गोठला की पुन्हा. असे कितीतरी पातळ थर. जाड पाणी एकदम सोडलं की वर पापुद्रा गोठतो, खालचं पाणी मुरून जातं, मध्ये पोकळी राहते. मुलाचं स्केट त्यात घुसतं आणि घोटा मुरगळतो. पोकळ बर्फ सापडला की फोडून काढा, चुरा आणि पाण्याचा लगदा भरून दाबा.

आकाश निरभ्र, वारा नाही, तापमान उणे १० च्या खाली, अशी रात्र कामाची. हिम पडत असताना पाणी मारू नये, बर्फ खरखरीत होतो.

---

हिमगौरी

निरभ्र आकाशाचा मुद्दा पटला. शिमल्याची रिंक १९२० पासून याच जोरावर चालते. यंत्र नाही, संध्याकाळी पाणी पसरायचं आणि रात्रीच्या थंडीवर सोडायचं. ढग आले की दुसऱ्या दिवशीचा खेळ रद्द, कारण ढगांखाली जमिनीची उष्णता आकाशात निघून जात नाही. तापमापक तोच आकडा दाखवत असला तरी मोकळ्या आकाशाखाली बर्फ लवकर धरतो.

---

वैजू

ओटावाच्या रिडो कालव्याचं उदाहरण समितीत जरूर द्या. ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग, १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून चालू, आणि २०२२-२३ मध्ये तो एक दिवसही उघडता आला नाही. उघड्यावरच्या रिंकचं वेळापत्रक छापताना "हवामान साथ देईल तेव्हा" हे ठळक लिहा.

आणि बर्फ-मातीइतकाच मोठा प्रश्न वेळवाटपाचा आहे, त्यावर बोलू या. रिंकचा एक तास म्हणजे ५० मिनिटं खेळ आणि १० मिनिटं यंत्र. संध्याकाळी ५ ते ११ हे सोन्याचे तास. गावागावांत हे तास "मागच्या वर्षी ज्यांच्याकडे होते त्यांना" असे वाटले जातात. त्यामुळे मुलींची हॉकी किंवा नवीन संघ कायम रात्री १० च्या पुढे किंवा पहाटे ६ ला. हा अन्याय आहे आणि तो कोणी मुद्दाम केलेला नसतो, कागदावर धोरण नसतं म्हणून होतो. दर वर्षी नोंदलेल्या गावच्या खेळाडूंच्या संख्येवर तास ठरवा, आधी मुलं-मुली, मग प्रौढ, आणि न वापरलेला तास ठरावीक दिवस आधी परत केला नाही तर पैसे भरायला लावा. मैदानांनाही हाच नियम.

---

अक्षांश

मैदानांचं वाटप निघालंच आहे तर क्रिकेट! ब्रॅम्प्टन-मिसिसागामध्ये क्रिकेटची स्वतंत्र मैदानं आहेत. लहान गावात ती होणार नाहीत. दोन बॉलच्या मैदानांचे आउटफिल्ड पाठीला पाठ लावून असतील तर मध्ये खेळपट्टी बसते का?

---

मातीचे_पाय

बसते, पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. काँक्रीटवर कृत्रिम गवताची खेळपट्टी घातली तर तिची कड जमिनीशी सपाट हवी. अर्धा इंच जरी वर आली तरी झेल घ्यायला पळणारा बेसबॉलचा खेळाडू तिथे अडखळणार. २२ यार्डांच्या पट्टीभोवती माती दर वसंतात वर-खाली होते, म्हणून दर वर्षी कडा तपासून माती भरा.

दुसरं, दिशा. खेळपट्टी उत्तर-दक्षिण ठेवतात, म्हणजे कलतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. बेसबॉलच्या मैदानाची होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असा संकेत आहे. त्यामुळे पट्टी आउटफिल्डला तिरपी बसते. कागदावर आखून पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू नका.

---

तळेगावकर

वाचनखूण साठवली. चिखलापासून चेंडूपर्यंत सगळं आलं!

---

बर्फवाला

एक गोष्ट राहिली आणि ती सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच जुन्या रिंक अमोनियावर चालतात. अमोनिया खाऱ्या पाण्याला थंड करतो, ते पाणी काँक्रीटमधल्या नळ्यांतून फिरतं. चार-चार इंचांवर नळी धरली तर एका रिंकखाली जवळजवळ साडेपंधरा किलोमीटर नळी भरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये चिलरच्या (अमोनियाने खारं पाणी थंड करणाऱ्या उपकरणाच्या) नळीतल्या बारीक छिद्रातून अमोनिया खाऱ्या पाण्यात शिरला, दाब वाढून पाइपाचा जोड सुटला आणि तीन माणसं गेली.

म्हणून समितीने बिल विचारण्याआधी हे विचारावं: चिलर किती वर्षांचा आहे? खाऱ्या पाण्यात अमोनिया आहे का याची चाचणी शेवटची कधी झाली, नोंद दाखवा. यंत्रघरातले अमोनियाचे सेन्सर कधी तपासले? अमोनियाचा वास आला तर कोणीही एकटा आत जायचं नाही, असा लेखी नियम आहे का? अमोनियाचा ३०० पीपीएमचा आकडा जीवघेणा धोका मानला जातो, ८ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ ची. गळती दिसल्यावर चिलर "हंगाम संपेपर्यंत" चालवण्याचा निर्णय कुठल्याच बजेटमध्ये बसत नाही.

अमोनियाऐवजी आर-२२ या थंडावा देणाऱ्या वायूवरची रिंक असेल तर तो प्रश्न वेगळा. कॅनडा आणि अमेरिकेत नवा आर-२२ बनवणं आणि आयात करणं २०२० पासून बंद आहे, उरलेला साठा महाग होत जाणार.

---

पारंबी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. समितीपुढे मांडायचा क्रम असा ठरवतेय: आधी चिलरच्या नोंदी आणि हवेचं मोजमाप, मग आठवड्याची जाडीची मोजणी, मग एजर विजेवरचा. मैदानांत या शरदात दोन इनफिल्डचे बांध काढणं. मैदानावरची रिंक नाही, टेनिस कोर्टावर पांढरं अस्तर घालून एक लहान करून पाहू.

एकच शंका राहिली. बर्फ काढायचा एप्रिलमध्ये, तो मेपर्यंत का ठेवत नाहीत? म्हणजे मधली पोकळी तरी भरेल.

---

बर्फवाला

काँक्रीटखाली ऊब देणाऱ्या नळ्या आहेत का ते आधी विचारा. कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता तिथे फिरवतात, त्याने खालची जमीन गोठत नाही. त्या नसतील तर थंडी वर्षानुवर्षं खाली उतरत जाते, जमीन फुगते, फरशी वर येते आणि तडकते. अशा रिंकला दर वर्षी काही महिने पूर्ण वितळण्याची विश्रांती द्यावीच लागते. नळ्या असतील तर मेचा मध्य शक्य आहे, पण बाहेर ऊब आणि दमट हवा असताना आत धुकं होतं, छतातून थेंब पडतात आणि बर्फावर गाठी येतात. आर्द्रता काढणारं यंत्र पुरेसं आहे का ते बघा.

काढताना घाई करू नका. आधी बर्फ जमेल तेवढा तासून पातळ करा, मग खारं पाणी हळूहळू गरम करा. फरशी एकदम तापली तर तडे. रंगाचा थर खरवडून काढा, तो गटारात सोडायची परवानगी आहे का ते विचारा.

---

मातीचे_पाय

@पारंबी, मेपर्यंत बर्फ ठेवलात तर एक लक्षात घ्या, माणसं तीच सहा आहेत. एप्रिलचा दुसरा पंधरवडा मैदानांना लागतो: बेसच्या खुंट्या शोधून मोकळ्या करणं, हिवाळ्यात गोठून वर आलेली माती दाबणं, तुषार सिंचनाची पाइपलाइन हळूहळू भरून गळती बघणं. ही पाइपलाइन ऑक्टोबरात रात्रीचं तापमान शून्याखाली जायच्या आत हवेच्या दाबाने रिकामी केलेली असली पाहिजे. प्लास्टिकच्या पाइपाला दाब ५० पीएसआयच्या (चौरस इंचाला ५० पौंडांच्या) आसपासच ठेवा, एका वेळी एकच झोन, आणि तुषारातून नुसती हवा यायला लागली की लगेच बंद. कोरडी हवा जास्त वेळ सोडली तर आतली गिअरं तापून जातात. रिंकवर बर्फ घालायला पाच ते सात दिवस लागतात आणि गावं ते काम ऑक्टोबरातच ठरवतात. ते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरकून घ्या, म्हणजे ऑक्टोबरात दोन माणसं पाइपलाइनला आणि दोन बांधाला मोकळी मिळतील.